शिंपल्यांची वडाप

मिसिसिपी नदीच्या काठी, आयोवा राज्यात मस्कटीन नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या बटणांच्या संग्रहालयात तळहाताएवढे शिंपले मांडून ठेवलेत. प्रत्येकाला चार-सहा गोल भोकं. सगळी एका मापाची, काठ अगदी सफाईदार. प्लास्टिक येण्याआधी शर्टाची बटणं अशी शिंपल्यातून कापून काढत आणि उरलेली चाळण फेकून देत. नदीकाठी असे भोकं पडलेले शिंपले अजूनही सापडतात.

मी तिथून साधारण ५० किलोमीटर वर, याच नदीच्या काठच्या शहरात राहते आणि सॉफ्टवेअर लिहिते. ते शिंपले बघून मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर कैरी. आमच्याकडे ओढ्यातला शिंपला दगडावर घासून त्याला भोक पाडतात आणि त्या भोकाच्या धारेने कैरी सोलतात. ओढ्यातले ते शिंपले लॅमेलिडेन्स जातीचे. मिसिसिपीतले बटणांचे शिंपले आणि हे एकाच कुळातले, म्हणजे लांबचे भाऊबंद. या कुळाची एक खोड आहे, आणि ती कळल्यापासून मी माझ्या गावाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी अडचण समजून घेऊ. शिंपला नदीच्या तळाशी वाळूत अर्धा रुतून बसतो. एक मांसल पाय असतो, त्याने थोडंफार सरकता येतं, पण प्रवास असा नाही. पाणी आत घ्यायचं, गाळायचं, बाहेर सोडायचं; वर्षानुवर्षं हेच. आता अशा प्राण्याने पिल्लं पाण्यात सोडली, तर ती कुठे जातील? खाली. त्यांची पिल्लं आणखी खाली. नदीला दिशा एकच. काही पिढ्यांनी सगळं खानदान समुद्रात जाऊन पडेल आणि खाऱ्या पाण्यात मरेल. तरीही नदीच्या वरच्या अंगाला, अगदी उगमाकडच्या ओढ्यांतसुद्धा शिंपले असतात. पाय नसल्यात जमा असलेला प्राणी प्रवाहाच्या विरुद्ध वर कसा चढला?

उत्तर आहे मासा. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांची पिल्लं काही आठवडे माशाच्या अंगावर राहतात. मासा वर जातो, पिल्लंही वर जातात.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला. सतराव्या शतकाच्या शेवटी हॉलंडच्या लेव्हेनहुकने स्वतः घासलेल्या भिंगातून शिंपलीच्या आत हे बारीक जीव पाहिले आणि ही तिचीच पिल्लं आहेत हे बरोबर ओळखलं. पुढे १७९७ मध्ये राथके नावाच्या अभ्यासकाने म्हटलं, छे, हे तर शिंपलीला लागलेले परजीवी! त्याने त्यांना 'ग्लोकिडियम पॅरासिटिकम' असं नावही दिलं. १८६६ मध्ये जर्मनीच्या लायडिगला हेच जीव माशाच्या परावर चिकटलेले दिसले, तेव्हा कोडं सुटलं. ती पिल्लंच होती, आणि परजीवीही होती. फक्त आईची नाही, माशाची. नाव मात्र राहिलं. या पिल्लांना आजही ग्लोकिडिया म्हणतात.

ग्लोकिडियम म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, दोन झाकणांची डबी. मादी शिंपली अशी हजारो, काही जातींत लाखो पिल्लं स्वतःच्या कल्ल्यांत वाढवते आणि वेळ आली की सोडते. पिल्लाला फार काही येत नाही. माशाच्या कल्ल्याचा किंवा पराचा स्पर्श झाला की डबी खटकन मिटते. काही तासांत माशाची कातडी तिच्याभोवती वाढते आणि पिल्लू आत बंद होतं. पाणी किती उबदार आहे त्यावर काही आठवडे किंवा त्याहून जास्त काळ ते तिथे राहतं, त्याचं छोट्या शिंपल्यात रूपांतर होतं, मग ते गळून तळाशी पडतं. तिथून पुढे स्वतंत्र आयुष्य. माशाला सहसा याचा फारसा त्रास होत नाही.

पण कुठलाही मासा चालत नाही. चुकीच्या माशाचं शरीर पिल्लाला ओळखतं आणि झटकून टाकतं. काही शिंपल्यांना बऱ्याच जातींचे मासे चालतात, काहींना दोन-तीनच, आणि काहींना एकच.

तळाशी बसलेल्या, डोळे नसलेल्या, डोकंच नसलेल्या प्राण्याने नेमका तोच मासा स्वतःकडे कसा आणायचा? इथे शिंपल्यांनी जे केलंय ते यूट्यूबवर बघितल्याशिवाय पटत नाही. लॅम्प्सिलिस जातीच्या मादीच्या शिंपल्याबाहेर मांसाची एक झालर येते. तिला शेपटी असते, बाजूने पट्टा असतो, डोळ्याच्या जागी काळा ठिपका असतो, आणि ती पोहणाऱ्या छोट्या माशासारखी हलते. बास मासा शिकार समजून झडप घालतो. तोंडात मासा येत नाही, पिल्लांचा ढग येतो. दक्षिणेकडच्या एका जातीची मादी सगळी पिल्लं माशाच्या आकाराच्या पुडक्यात भरते आणि लांब, पारदर्शक दोरीच्या टोकाला बांधून प्रवाहात सोडते. अगदी गळाला लावलेल्या आमिषासारखं. स्नफबॉक्स नावाचा शिंपला तर अंगावरच येतो. लॉगपर्च नावाचा मासा नाकाने दगड उलटून खाणं शोधतो. तो जवळ आला की स्नफबॉक्स त्याचं डोकंच आपल्या झाकणांत पकडतो, पिल्लं त्याच्या कल्ल्यांत सोडतो आणि मग सोडून देतो. लॉगपर्चची कवटी दणकट असते, तो वाचतो.

मला यातली जी गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते ती अशी, की ज्या मादीने माशाचं हे हुबेहूब सोंग आणलंय तिने आयुष्यात मासा पाहिलेला नाही. ती पाहूच शकत नाही. तो आकार तिने घडवलाच नाही, बासच्या डोळ्यांनी घडवला. जिची झालर माशासारखी थोडी जास्त दिसली, तिच्यावर झडप पडली, तिची पिल्लं वर गेली. हजारो पिढ्या असं होत राहिलं. म्हणजे या शिंपल्याच्या अंगावर दुसऱ्या प्राण्याची नजर कोरलेली आहे. तो मासा उद्या नदीतून गेला तरी झालर हलतच राहील, कारण बघणारं कुणी उरलेलं नाही हे कळायला शिंपलीकडे काही साधन नाही.

आता पुन्हा मस्कटीन. जॉन बेपल नावाच्या जर्मन बटण कारागिराने १८९१ मध्ये इथे शिंपल्यांची बटणं बनवायला सुरुवात केली. १९०५ साली एकट्या या शहरात सुमारे दीड अब्ज बटणं तयार झाली. नदी इतक्या वेगाने रिकामी व्हायला लागली की कारखानदारच घाबरले. १९०८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने मस्कटीनजवळच्या फेअरपोर्टला शिंपल्यांच्या पैदाशीसाठी केंद्र मंजूर केलं. शिंपले वाढवायचे म्हणून तिथे केलं काय? मासे गोळा केले. टाक्यांत मासे ठेवायचे, ग्लोकिडिया सोडायच्या, त्या कल्ल्यांना चिकटल्या की मासे नदीत सोडायचे. पूर ओसरल्यावर डबक्यांत अडकलेले मासेही पकडून, त्यांना पिल्लं लावून नदीत परत सोडत. बेपल स्वतः शेवटी याच कामात होता. शिंपल्याने पाय कापला, जखम चिघळली आणि १९१२ मध्ये तो गेला.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, नदीच्या खालच्या अंगाला किओकक इथे मोठं धरण पूर्ण झालं. वीज तयार होऊ लागली, बोटींसाठी दरवाजे ठेवले होते. माशांसाठी वाट नव्हती.

बटणवाल्यांचा लाडका शिंपला होता एबनीशेल. बाहेरून काळा, आतून पांढराशुभ्र, जाडजूड. त्याची पिल्लं वाढवणारा मासा एकच, स्किपजॅक हेरिंग. हा दर वर्षी खालून वर यायचा. किओककच्या भिंतीपाशी त्याचं येणं थांबलं.

धरण झालं त्या वर्षी एबनीशेलला काहीही झालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. हे शिंपले कित्येक दशकं जगतात. पाणी होतं, वाळू होती, खाणं होतं. मादी दर वर्षी अंडी धरत होती, पिल्लं तयार करत होती, सोडत होती. ती पिल्लं थोडा वेळ पाण्यात तरंगून मरत होती. नदीत उतरून मोजदाद केली असती तर आकडा छान आला असता. पण शिंपल्यावर झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं असतात, ती मोजली असती तर कळलं असतं, की लहान कुणीच नाही. धरणाच्या वर अनेक दशकांनी जे थोडे एबनीशेल सापडत राहिले ते सगळे म्हातारे होते. जिवंत, निरोगी आणि शेवटचे.

सॉफ्टवेअरमध्ये 'हेल्थ चेक' असतो. दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं, जिवंत आहेस का? हो म्हणाला की पडद्यावर हिरवा दिवा. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, की दिवा हिरवा असताना आत काम ठप्प असू शकतं. 'आहेस का' आणि 'नवीन काही आत येतंय का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला विचारायला सोपा म्हणून सगळीकडे तोच विचारला जातो. गावांच्या बाबतीतही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. साठेक उंबरे. शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून पुढची शाळा नऊ किलोमीटर खाली, बाजाराच्या गावात. हा प्रश्न आमच्या लहानपणी एका माणसाने सोडवला होता. त्याचं वडाप होतं, एक जुनी जीप. सकाळी साडेसातला देवळापाशी हॉर्न वाजायचा. मुली आत, मोठी मुलं मागच्या फळीवर उभी, दप्तरं टपावर. संध्याकाळी शाळा सुटली की परत वर. महिन्याचे पैसे कुणी द्यायचं, कुणी तांदूळ द्यायचं, कुणाचे राहूनच जायचे.

आमचा ओढाही खाली जातो, त्याला काही लागत नाही. खाली जाणं कुणालाही जमतं. त्या जीपची खरी किंमत संध्याकाळच्या फेरीत होती. ती मुलांना रोज पुन्हा वर आणून सोडायची.

मी सातवीत असताना त्याची कंबर गेली. मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता, त्याला गाडी चालवायची नव्हती. जीप विकली. दुसरं कुणी आलं नाही, कारण तो धंदा परवडणारा नव्हताच. त्याला तो कसा परवडत होता हे आम्हाला आजही कळलेलं नाही.

पुढच्या जूनमध्ये तीन घरांनी खाली खोली घेतली. त्यातलं एक आमचं. आई आणि आम्ही दोघं भावंडं खाली, बाबा वर-खाली करायचे. त्यानंतरच्या वर्षी आणखी चार घरं. 'गाव सोडलं' असं कुणीच म्हणालं नाही. 'पोरांच्या शाळेसाठी खाली राहतोय' असं म्हणायचे, आणि ते खरंच होतं. मग खोलीचं घर झालं. गावात मुलगी द्यायला लोक कचरायला लागले. चौथीपर्यंतच्या शाळेत शेवटी दोन मुलं उरली, पुढे तीही गेली.

आज गाव रिकामं आहे असं कुणी म्हणू शकत नाही. मतदारयादीत आहे. संध्याकाळी तीसेक घरांत दिवे लागतात. यात्रेला मुंबईची माथाडी मंडळी येतात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. शेतं पेरली जातात. माझी ऐंशी वर्षांची आजी तिथेच आहे, आणि मी फोनवर काही काळजीचं बोलले की म्हणते, "गाव हाय की. जातंय कुठं?" तिचं चूक नाही. पण गावातला सगळ्यात तरुण माणूस बेचाळीस वर्षांचा आहे. मी हे वलय मोजलंय.

एक प्रश्न मलाही पडला होता, तुम्हालाही पडला असेल. एका माशावर अवलंबून राहायचंच कशाला? स्वतःच्या पायावर उभं राहा ना! तसा शिंपला आहे. झेब्रा शिंपला. याच्या पिल्लांना मासा लागत नाही, ती पाण्यात आपली आपण तरंगत वाढतात. १९८८ मध्ये तो अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांच्या भागात सापडला आणि पुढे मिसिसिपीभर पसरला. जुन्या शिंपल्यांच्या पाठीवर थर चढवून त्यांना तो उपाशी मारतो. स्वावलंबनाचा एवढा मोठा विजय दुसरा नसेल. पण नीट बघितलं तर तरंगणारी त्याची पिल्लंही खालीच जातात. तो महासागर ओलांडून आला जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून, आणि नदीत वर चढला बोटींच्या तळाला चिकटून. त्यालाही कुणीतरी वर नेलंच. फक्त त्याचं वाहन आपण होतो, आणि आपण कधी बंद पडलो नाही.

म्हणजे वर एकट्याने कुणीच जात नाही. मीही नाही. आयोवाच्या या काठापर्यंत मी जो प्रवास केला त्यातले पहिले नऊ किलोमीटर त्या जीपचे आहेत.

मग वाहन गेलं की सगळं संपलंच का? कधीकधी संपतं. २०२३ मध्ये अमेरिकेने गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या आठ जाती नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्यातल्या सहा स्नफबॉक्सच्या सख्ख्या भावकीतल्या. धरणं, गाळ, घाण पाणी, सगळ्यांनी मिळून त्यांना संपवलं. पण मॅसॅच्युसेट्समधल्या कनेटिकट नदीवर वेगळं घडलं. होलयोकच्या धरणाने तिथल्या शॅड माशांची वाट अडवली होती. १९५५ मध्ये धरणाला माशांसाठी लिफ्ट बसवली. खरोखरची लिफ्ट. मासे पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत शिरतात, बादली वर जाते, मासे भिंतीपलीकडे सोडले जातात. पुढे ती वाढवली आणि लाखो शॅड वर जाऊ लागले. ही लिफ्ट शिंपल्यांसाठी नव्हती, माशांसाठी होती. पण १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात नोंद आहे, की एल्वाइफ फ्लोटर नावाच्या शिंपल्याचा पसारा नदीत वरच्या बाजूला वाढलाय, आणि त्याचा संबंध परतलेल्या माशांशी आहे. त्या शिंपल्यांना कुणी उचलून वर नेलं नव्हतं. मासे जाऊ लागले, तेही गेले.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी शिंपले येऊ देत, मग लिफ्टचं बघू, असं तिथे म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं.

आमच्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मुंबई, पुणे, दुबई, आणि इकडची मी धरून दीडशेच्या वर माणसं. गावात राहणाऱ्यांपेक्षा जास्त. गेले काही महिने देवळाच्या सभामंडपासाठी वर्गणी चाललीये. मलाही तो मंडप हवाय, आजी रोज तिथे बसते. मी एवढंच लिहिलं, की वर्गणीतला थोडा भाग एका गाडीला ठेवू. रोज सकाळी खाली, संध्याकाळी वर. खाली खोलीत राहणारी सात कुटुंबं अशी आहेत ज्यांची घरं वर अजून शाबूत आहेत आणि ज्यांना भाडं झेपत नाही.

लगेच प्रश्न आला, "गावात पोरंच नाहीत तर गाडी कुणाला?" विचारणारे काका चांगले आहेत. खाली खोली घेतली तेव्हा आमचं सामान त्यांनीच उतरवलं होतं. मी त्यांना शिंपल्यांचं काही सांगितलं नाही. पोरं नाहीत म्हणूनच गाडी हवी, एवढंच लिहिलं. त्यावर दोन दिवस शांतता. मग एका चुलत भावाने एक अंगठा टाकला. दुसऱ्याने मंडपाच्या खांबांचे फोटो टाकले.

काल सातपैकी एका घरच्या वहिनींचा निरोप आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. त्यांची मुलगी यंदा पाचवीत जाते आहे. त्यांनी विचारलंय, गाडी झालीच तर संध्याकाळी किती वाजता वर येईल?